घोडे, हजेरी आणि खाडा

बरेच दिवस मनात होतं, परवाच्या रविवारी शेवटी जमलं. बाबांना आणि लेकीला घेऊन घोडबंदरचा किल्ला पाहून आलो. घोडबंदर रोडला राहायला येऊन इतकी वर्षं झाली, रोज या रस्त्याला, त्यावरच्या खड्ड्यांना आणि मेट्रोच्या खांबांना शिव्या घालतो, पण ज्या घोडबंदरचं नाव या रस्त्याला आहे तिथं जायचा मुहूर्त काही लागत नव्हता. (नातेवाईक मंडळींनी "आम्हाला कधी नेणार?" असं विचारू नये. सकाळी सातच्या आत निघायची तयारी असेल तर केव्हाही या.)

किल्ला छोटासाच आहे. वसईच्या खाडीकाठच्या टेकडीवर. आता डागडुजी झाली आहे. बाबांचे गुडघे पाहता वरपर्यंत जाता येईल की नाही याची धाकधूक होती, पण ते माझ्याआधी वर पोचले आणि भिंतीला टेकून खाडीकडे बघत बसले.

"इथं खरंच घोडे होते का?" लेकीचा प्रश्न.

सांगतात ते असं, की अरबस्तानातून, इराणच्या आखातातून घोडे घेऊन येणारी गलबतं या बंदराला लागायची म्हणून घोडबंदर. आपल्याकडच्या हवेत चांगली जनावरं फारशी पैदा होत नसत, त्यामुळे घोडा ही बाहेरून आणायची महाग वस्तू होती. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं ठाण्याच्या राजाबद्दल एक मजेशीर गोष्ट लिहून ठेवली आहे. या राजाचा समुद्रावरच्या चाच्यांशी करार होता म्हणे. लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा सगळा माल चाच्यांचा! राजाकडे घोडे नव्हते आणि जवळून तर घोड्यांनी भरलेली जहाजं जात होती, मग करणार काय?

लेकीला ही गोष्ट फार आवडली. मला मात्र तिथं उभं असताना दुसरंच काहीतरी आठवत होतं. त्या समोरच्या खाडीशी माझा एक जुना हिशेब आहे. त्याकडे येतोच, पण त्याआधी थोडा इतिहास. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, पोटासाठी कोड लिहितो. पण इतिहास वाचताना राजे आणि लढायांपेक्षा माझं लक्ष फॉर्म, नोंदवह्या आणि पासांकडे जातं. धंद्याची खोड, दुसरं काय.

पोर्तुगिजांचंच बघा. घोडबंदर त्यांच्याकडे होतं ते १७३७ पर्यंत. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ते घेतलं, दोन वर्षांनी वसई पडली, आणि पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं. पण पोर्तुगिजांची खरी कमाल या किल्ल्यांत नव्हती, एका कागदात होती. त्या कागदाचं नाव कार्ताझ. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांनी असा नियम केला की या समुद्रात कुणाचंही व्यापारी जहाज जायचं असेल तर त्याच्याजवळ आमचा परवाना पाहिजे. परवान्यात काय लिहिलेलं असायचं? जहाजाचं नाव, तांडेलाचं नाव, जहाज केवढं, त्यावर हत्यारं किती, माणसं किती, कुठून निघालं, कुठं चाललं. काय न्यायला बंदी आहे तेही त्यातच. कार्ताझची फी फारशी नसे. मुख्य गोम अशी, की जाताना किंवा येताना पोर्तुगीज बंदरात येऊन जकात भरली पाहिजे. कार्ताझ नाही, किंवा कागदात एक आणि जहाजावर दुसरंच, तर जहाज जप्त.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर थेट एक टेबल उभं राहिलं, कॉलमसकट. आणि गंमत म्हणजे अकबरासारख्या बादशहालासुद्धा मक्केला यात्रेकरू पाठवायचे तर हा कागद घ्यावा लागे. समुद्र कुणाचाच नव्हता, पण त्यावरून जाणाऱ्यांची नोंद एकाच्याच वहीत होती. ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यात चांगली कुणाला कळली असेल तर कान्होजी आंग्र्यांना. त्यांनी स्वतःची दस्तकं द्यायला सुरुवात केली. इंग्रज म्हणाले, आम्ही तुमचं दस्तक घेणार नाही. झालं, तोफा सुरू. वरवर पाहता भांडण जहाजांचं, पण खरं भांडण कागद कुणाचा चालणार याचं होतं.

एक विचार मात्र मनातून जात नाही. वादळानं भरकटलेलं जहाज आणि जकात चुकवायला मुद्दाम वाट बदललेलं जहाज, कागदाला दोन्ही सारखीच दिसणार. कागदावर वाट एक, जहाज भलतीकडे. एवढंच त्याला समजतं.

आता पुन्हा घोड्यांकडे. जहाजातून उतरलेला घोडा कुणाच्या तरी फौजेत जायचा, आणि तिथं त्याची दुसरी नोंद व्हायची. त्या काळी सरदाराला घोडेस्वारांच्या संख्येवर पैसे मिळत. मग लोक काय करणार? पाहणीच्या दिवशी शेजाऱ्याचे घोडे उसने आणायचे, बाजारातली तट्टं उभी करायची, कुणालाही धरून आणून स्वार म्हणून बसवायचं, पैसे घ्यायचे आणि संध्याकाळी सगळं परत. यावर अल्लाउद्दीन खिलजीनं उपाय काढला तो म्हणजे दाग आणि हुलिया. घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचं वर्णन लिहून ठेवायचं. पुढे १५७४ च्या सुमाराला अकबरानं हीच पद्धत पुन्हा पक्की केली. घोड्याच्या अंगावर तापलेल्या लोखंडाचा ठसा, आणि माणसाच्या नावापुढे बापाचं नाव, जात, रंग, चेहऱ्यावरचे तीळ, व्रण. त्या कागदाला म्हणत चेहरा. आपण सहज चेहरेपट्टी म्हणतो तेव्हा मला हल्ली तो कागदच आठवतो.

इथपर्यंत माझी सहानुभूती बादशहाकडे आहे, हे कबूल करतो. फसवणूक खरी होती. कॉलेजात आम्हीही मित्रांच्या प्रॉक्सी लावल्या आहेत. त्या म्हणजे उसने घोडेच! २०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागले तेव्हा काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांचा माउस हलतो की नाही ते मोजायला सुरुवात केली, आणि लगोलग माउस आपोआप हलवत ठेवणारी छोटी यंत्रं बाजारात सापडू लागली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचं नुसतं भासवणाऱ्या डझनावर लोकांना काढून टाकलं. साडेचारशे वर्षांत डागाच्या लोखंडाचं सॉफ्टवेअर झालं, आणि उसना घोडा यूएसबीला लागला.

महाराष्ट्रालाही हे नवं नाही. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वात आधी आपल्याकडे झाला, १९७७ साली. त्याबरोबर 'बोगस मस्टर' हा शब्दही घरोघरी झाला. न आलेल्या माणसांची हजेरी, प्रसंगी मेलेल्या माणसांचे अंगठे. म्हणून कुणी "नोंदच नको" म्हटलं तर मला पटत नाही. नोंद नसते तिथं गरिबाची मजुरी मधला माणूस खातो.

पण नोंदीची दुसरी बाजू पाहायची असेल तर सोलापूरला जावं लागेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यासाठीही खुला झाला. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमातींची नावं यादीत गेली. माणसानं गुन्हा केला म्हणून नाही, त्या जातीत जन्मला म्हणून. बोटांचे ठसे घ्यायचे, नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरीला यायचं, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापुरात यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, तिला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. दिवसा सोलापूरच्या कापडगिरण्यांत काम आणि कामावरून आलं की हजेरी. म्हणजे कामाची नोंद आणि पोलिसांची नोंद एकाच माणसाच्या मानेवर. आणि हजेरीला न येणं हाच गुन्हा. का आला नाही, मूल आजारी होतं की पाळी उशिरा सुटली, हा प्रश्न नंतरचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून हा कायदा गेला. विमुक्त दिन पाळतात तो त्याचा. कायदा गेला, पण वहीतल्या नावाचा शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आजही कुठं चोरी झाली की पहिल्यांदा पारध्यांच्या पालांवर कोण जातं ते पेपरात वाचतोच आपण.

हे सगळं किल्ल्यावर बसून मी बाबांना सांगत होतो. बाबा शांतपणे ऐकत होते. आमचे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, एकूण एकतीस वर्षं. आत्यांना, काकांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. टाइमकीपर म्हणजे गेटजवळच्या टाइम ऑफिसात बसून हजेरी ठेवणारा माणूस. कामगार आत येताना आपला पितळी बिल्ला फळ्यावर लावायचा, बाबा मस्टरवर खूण करायचे. जो आला नाही त्याचा खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला.

"मस्टर पेननं लिहायचं," बाबा म्हणाले. "पण मी एक पेन्सिल ठेवायचो."

"कशाला?"

"बिल्ला दिसला नाही, की लगेच खाडा मारायचा नाही. पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा. दुपारी खात्यात जाऊन विचारायचं. कधी माणूस बिल्ला लावायला विसरलेला असायचा, कधी रात्रपाळीहून थांबलेला असायचा, कधी साहेबानं परस्पर दुसऱ्या खात्यात पाठवलेला असायचा. विचारून झालं की मग पेन. दिसला नाही म्हणजे आला नाही, असं नसतं रे."

आणि महिनाअखेर प्रत्येक कामगार येऊन आपली ओळ बघून जायचा. बोट ठेवून. ज्यांना वाचता येत नसे ते खुणा मोजायचे. भांडणंही व्हायची. बाबांच्या वेळी १९३६ चा वेतनाचा कायदा होता, त्यात गैरहजेरीची कपात जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात करायची असं बंधन होतं. बाबांना तो अजून पाठ आहे.

मी खाडीकडे बघत होतो. आता तो जुना हिशेब.

२०१६ ची गोष्ट. तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होतो (नाव नको). आम्ही दुकानोदुकानी फिरून ऑर्डर घेणाऱ्या विक्रेत्यांसाठी एक अ‍ॅप बनवलं होतं. खरं तर विक्रेत्यांसाठी नाही, त्यांच्या मालकांसाठी. विक्रेत्याचा फोन दर पंधरा मिनिटांनी आपली जागा कळवणार, ती जागा ठरलेल्या दुकानापासून दोनशे मीटरच्या आत असली तर हजर, नाहीतर गैरहजर. हा नियम मी लिहिला. चार ओळींचा आहे. लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, कारण आता बोगस हजेरीला वावच नाही!

एका विक्रेत्याची तक्रार आली. त्याच्याकडे गायमुख ते काजूपाडा हा पट्टा होता. हा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि फोनला रेंज असली तर असली. त्याची नोंद मी नकाशावर उघडून पाहिली. भर दुपारी दीड वाजता माणूस खाडीच्या मध्यभागी उभा. मग तीन वाजता पलीकडच्या काठावर, वसईच्या बाजूला. मध्ये तासभर काहीच नाही. आमच्या सिस्टिमनं सगळं मिळून त्याचे सहा दिवस गैरहजर धरले होते आणि मालकानं तेवढा पगार कापला होता. खाडीत उभा होता म्हणून खाडा.

ऑफिसात आम्ही सगळे हसलो. स्क्रीनभर निळं पाणी आणि मध्ये त्याचा लाल ठिपका. कुणीतरी "पोहायला गेला असेल" म्हणालं. मी बहुतेक म्हणालो असेन. तक्रारीत त्यानं लिहिलं होतं, "मी दुकानातच होतो, दुकानदाराला विचारा." मी तपासलं, नियम जसा लिहिला होता तसाच चालत होता. मी तक्रार बंद केली. शेरा लिहिला, 'प्रोग्रॅम अपेक्षेप्रमाणे चालू आहे'.

दुकानदाराला विचारलं नाही. तशी सोयच नव्हती.

प्रोग्रॅमिंग शिकवताना एक गोष्ट अगदी सुरुवातीला सांगतात, 'नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या किमती आहेत. डेटाबेसमध्ये त्यासाठी नल नावाची वेगळी सोय आहे. मी मुलाखती घेतो तेव्हा नवख्या पोरांना हा प्रश्न हमखास विचारतो. आणि माझ्याच टेबलात हजेरीचा कॉलम दोन किमतींचा होता. हजर किंवा गैरहजर. फोननं चुकीची जागा कळवली, गैरहजर. फोननं काहीच कळवलं नाही, गैरहजर. बॅटरी संपली, गैरहजर. बाबांच्या पेन्सिलीच्या ठिपक्याला मी जागाच ठेवली नव्हती.

त्या माणसाचे पैसे त्याला परत मिळाले का, मला ठाऊक नाही. वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. सहा दिवसांचा पगार म्हणजे घरभाडं असतं, मुलांची फी असते. त्याचं नाव मला आठवतं, पण इथं लिहिणार नाही. एकदा त्याला नको तिथं नोंदवून झालं आहे, तेवढं पुरे.

हे एकट्या माझ्या अ‍ॅपचं नाही. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर बोगस मस्टर थांबवायचं म्हणून मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावायची पद्धत आली, १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची झाली. हेतू चांगलाच. पण रेंज नाही, फोटो चढला नाही, की दिवसभर खणलेल्या मातीची मजुरी अडकली, अशा तक्रारी देशभरातून आल्या. डोंगराळ भागात रेंज कशी असते ते आपल्याला सांगायला नको. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. पुढे देशभरात त्याच आधारच्या मशीनवर कष्टानं झिजलेले अंगठे उठेनात आणि माणसं रेशन दुकानातून हात हलवत परत गेली. मशीन म्हणालं 'जुळत नाही'. त्याचा अर्थ लावला गेला 'हा तो नव्हेच'.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या ठरल्या. चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवायही वापरायची मुभा आहे. म्हणजे गेटच्या आत काय करायचं ते बरंचसं आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांच्या आणि आमच्या साहेबांच्या अकलेवर सोडलेलं आहे. मला आमच्या अकलेची खात्री नाही. वर सांगितलंच का ते.

खासगीपणाच्या गप्पा निघाल्या की मित्र म्हणतात, "मला काय लपवायचंय?" त्या विक्रेत्यालाही काही लपवायचं नव्हतं. उलट तो दाखवायला बघत होता, मी दुकानात आहे, विचारा. त्याला स्वतःची ओळ बघताच येत नव्हती. बाबांच्या कारखान्यातला निरक्षर कामगारसुद्धा मस्टरवर बोट ठेवू शकत होता, आणि हातात स्मार्टफोन असलेल्या या माणसाला तेवढंही नाही. त्याच फोनमधून त्याची नोंद जात होती! मला वाटतं आपला खासगीपणा नुसता लपवण्यात नाही. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचता येणं, चूक असेल तर खोडता येणं, आणि गरज संपली की ते पान फाडलं जाणं, यातही तो आहे.

सध्या ज्या कंपनीत आहे तिथंही हजेरीचंच एक काम माझ्याकडे आलं आहे. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी पहिल्यांदा त्यात तिसरी किंमत घातली. 'माहीत नाही'. त्यावर पगार कापला जाणार नाही, आधी कुणीतरी माणूस विचारेल. शिवाय ज्याची नोंद त्याला ती दिसेल, आणि जागेची माहिती महिन्यानं पुसली जाईल. मॅनेजर म्हणाला, "अरे, याचा गैरफायदा घेतील." घेतील काही जण. बाबांनाही फसवणारे होतेच की. दुसरा म्हणाला, "पण मग विचारायला माणूस लागेल." हो, लागेल. बाबांना त्याचाच पगार मिळायचा. अजून मंजुरी मिळालेली नाही, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. काय होतं ते कळवीन.

किल्ल्यावरून उतरताना लेकीनं आजोबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही घोड्यांची पण हजेरी घ्यायचात?"

"नाही गं," बाबा म्हणाले, "पण घेतली असती तर डाग नसता दिला. नावं ठेवली असती."

परत येताना गायमुखजवळ पाऊण तास अडकलो. नेहमीप्रमाणे. सहज फोन काढून नकाशा पाहिला. आमची गाडी रस्त्यापासून चांगली लांब, खाडीत उभी होती.